रेघेवरचा फुगवटा

१

फुगवटा इतका लहान होता की दुसऱ्या कुणी स्क्रीनवरची धूळ समजून पुसून टाकला असता. तिनंही आधी तेच केलं. बाहीचं टोक ओढून काचेवर फिरवलं, मान तिरकी करून पाहिलं, डोळे चोळले. फुगवटा जागचा हलला नाही. लाल रेघेच्या पाठीवर तो बसला होता, नीट अंथरलेल्या चादरीखाली पेन राहून जावं तसा.

स्क्रीनवर दोन रेघा होत्या. निळी तिच्या मॉडेलची. सर्किटमधला एकेक भाग समीकरणात बसवला की कॉम्प्युटर गणित करून सांगायचा, वीज अशी अशी वाहायला हवी. लाल रेघ खऱ्या बोर्डाची, प्रत्यक्ष मोजलेली. दोघी एकमेकींवर चपखल बसल्या की तिचं काम संपलं. बोर्ड होता श्वास देणाऱ्या यंत्राचा, दिवस भरण्याआधीच जन्मलेल्या, मुठीएवढ्या छातीच्या बाळांसाठी. तिथे रेघ इकडची तिकडे झालेली चालत नाही.

"काय सायरनबाई, कुठं आग लागली?" शेजारच्या टेबलावरून नकाशावाल्यानं विचारलं. बोर्डावर कुठली तार कुठून जाईल याचे नकाशे तो काढायचा, आणि उरलेल्या वेळात तिची थट्टा.

"कुठं काय. काही नाही."

"चेहरा बघ की. उकडलेल्या बटाट्यासारखा पांढरा पडलाय."

सायरन हे नाव तिला पहिल्याच महिन्यात चिकटलं होतं. बैठकीच्या खोलीत हवा ओलसर ठेवणारं यंत्र वाफ सोडत होतं. तिला तो धूर वाटला आणि तिनं आगीची घंटा दाबली. सगळी इमारत रस्त्यावर आली. खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्याचा एक पेशंट तर तोंडात कापूस आणि गळ्यात हिरवं फडकं तसंच घेऊन अर्धा तास फुटपाथवर उभा होता. साहेब रागावले नाहीत, हेच वाईट. एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी आधी कारण शोध, मग घाबर. नाहीतर मॉडेलचं काम काढून घेईन आणि माहितीपुस्तिका लिहायला बसवीन."

नोकरी अजून कच्ची होती. आणि मॉडेलचं काम म्हणजे तिचा जीव. लहानपणापासून दाराआडून कुणी 'भॉक' केलं तरी हातातलं भांडं टाकणारी ती. पण समीकरणांत दार नसतं, आडोसा नसतो. जे आहे ते मांडलेलं असतं, आणि जे मांडलेलं नाही ते नसतंच.

मग हा फुगवटा कुठला?

२

अशा वेळी वापरायची एक पद्धत या धंद्यात आहे. मांडलेलं आणि मोजलेलं जुळत नसेल तर मॉडेलात एक अनोळखी भाग घालायचा, त्याच्या किमती कोऱ्या सोडायच्या, आणि कॉम्प्युटरला म्हणायचं, बाबा रे, रेघा जुळतील अशा किमती तूच शोध. सापडलेल्या आकड्यांवरून कळतं की हा उपरा कोण. लांबलेली वायर, ढिला स्क्रू, टेबलाचा लोखंडी पाय. ऑफिसात याला 'पाहुणा बसवणं' म्हणत.

तिनं पाहुणा बसवला. एक कपॅसिटर, विजेचा साठा धरून ठेवणारा. त्याला जोडून एक रेझिस्टर, तो साठा हळू सोडणारा. दोन्ही कोरे. बटण दाबलं. आकडे वरखाली नाचले, दमल्यासारखे मंदावले, थांबले.

शंभर पिकोफॅरड. दीड हजार ओहम.

निळी रेघ लाल रेघेखाली पूर्ण नाहीशी झाली. इतकं सुंदर जुळलेलं तिनं आजवर पाहिलं नव्हतं. आणि तिच्या मानेवरचे केस उभे राहिले, कारण ही जोडी तिच्या ओळखीची होती.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला एक बाई शिकवायच्या. बोटाच्या ठिणगीनं नाजूक सर्किट कसं जळतं ते समजावताना त्यांनी फळ्यावर दोन खुणा काढल्या होत्या. "तुमचं प्रेम, तुमचे मार्क, तुमचे रुसवेफुगवे सगळं बाजूला ठेवा," त्या म्हणाल्या होत्या. "विजेच्या लेखी माणूस म्हणजे एवढाच. शंभर पिको, दीड हजार ओहम. पुढे चला." वर्ग हसला होता. ती हसली नव्हती, आपल्या तळव्याकडे बघत राहिली होती.

आताही तिनं तळवा पाहिला. घामानं चमकत होता.

मोजणी ज्या खोलीत होई तिला सगळे पेटी म्हणत. मोठ्या हॉलच्या टोकाला खोलीच्या आत बांधलेली खोली होती ती, चारी भिंतींना, छताला, जमिनीला तांब्याचा पत्रा. बाहेरचा रेडिओ, फोन, कसलीही लहर आत जाऊ नये आणि बोर्डाची कुजबुज तेवढी ऐकू यावी म्हणून. बाहेर टेबल टाकून पेटीवाले काका बसत. त्यांना जगात दोन गोष्टी प्रिय होत्या, चहा आणि शब्दकोडं.

"काका, काल मोजताना आत कोण होतं?"

"बोर्ड होता."

"तसं नाही. माणूस कोण होतं?"

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "माणूस? पोरी, दार लागल्याशिवाय मोजणी सुरूच होत नाही. दाराला तसं बटण आहे. आणि दार मी बाहेरून लावतो, म्हणजे मी बाहेर. राहिलं कोण? उंदीर?"

"उंदीर एवढा मोठा नसतो," ती म्हणून गेली आणि तिनं जीभ चावली.

"वाजू नकोस हं," काका प्रेमानंच म्हणाले आणि कोड्यात परत शिरले.

३

तिनं डोकं ताळ्यावर ठेवलं. काकांच्या हातापाया पडून मोजणी पुन्हा करून घेतली. वायर बदलली. टेबल बदललं. आतली लाकडी खुर्चीसुद्धा बाहेर काढवली; काका म्हणाले, आता दार तेवढं काढायचं राहिलं. दर वेळी तोच फुगवटा, दर वेळी तोच पाहुणा.

शेवटी तिनं पाहुण्यात आणखी एक कोरी किंमत घातली, बोर्डापासूनच्या अंतराची. आणि सगळ्या मोजण्या क्रमानं त्यातून काढल्या. पहिल्या मोजणीत पाहुणा पार पलीकडच्या भिंतीला टेकल्याइतका लांब होता. मग थोडा अलीकडे. मग आणखी. ताज्या मोजणीत हात लांब केला तर बोर्डाला लागेल, इतका.

अंतराचं हे गणित कच्चं असतं, तिनं स्वतःला बजावलं. हवा बदलली, तापमान बदललं, की आकडा सरकतो.

मग तिनं एक मोजणी जास्त वेळ चालू ठेवायला सांगितली आणि रेघ स्क्रीनवर सोडून दिली. बोर्ड चालू होता. त्याला जोडलेली रबरी पिशवी, बाळाच्या फुफ्फुसाच्या जागी लावलेली, भराभर फुगत होती, बसत होती. लाल रेघेत तो बाळाचा श्वास भराभर उमटत होता. आणि त्याच्या खाली, ती बराच वेळ बघत राहिली तेव्हा कुठे दिसलं, फुगवटा स्वतःही कमीजास्त होत होता. वर यायचा. थांबायचा. सावकाश खाली जायचा. ही लय बाळाची नव्हती. हा मोठ्या माणसाचा श्वास होता, निवांत बसलेल्या माणसाचा.

तिच्या लक्षात आलं, की मघापासून आपणही त्याच लयीत श्वास घेतोय.

"जुळलं?"

ती खुर्चीतून वीतभर उडाली; हाताच्या धक्क्यानं चालू रेघेची खिडकी बंद झाली आणि स्क्रीनवर पाहुण्याचे आकडे तेवढे उरले. साहेब मागे उभे होते.

"जुळलं, सर."

साहेबांनी वाकून पाहिलं. बोट पाहुण्यावर टेकलं. त्यांचे केस याच कामात पांढरे झाले होते. दोन आकडे वाचायला त्यांना वेळ लागला नाही. "अरेच्चा. हा तर माणूस आहे."

तिचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून आलं! आता सांगून टाकावं, सगळं, क्रमानं. तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारी नकाशावाल्यानं खुर्ची वळवली, दोन्ही कानांत बोटं घातली आणि डोळे मिटून, आता वाजणार या थाटात, वाट बघत बसला.

"मीच होते, सर," ती म्हणाली.

"तू?"

"बोर्ड नीट बसलाय का बघायला आत गेले होते. काकांना कळलं नसेल. दार लागलं, मोजणी सुरू झाली..." बोलता बोलता वाक्य स्वतःच्याच पायांनी पुढे चाललं होतं.

"दर वेळी?"

"दर वेळी."

साहेब सरळ उभे राहिले. "याला गाढवपणा म्हणतात. पण निदान कारण तरी सापडलं. ठीक आहे, सिद्ध कर. उद्या दुपारी आत उभी राहा आणि मोजून घे. मग बाहेर ये आणि तुझ्याशिवाय मोजून घे. तू असताना हाच आकडा आणि तू नसताना साफ रेघ, एवढं दिसलं की मी सही करतो. नाही दिसलं, तर..." त्यांनी कोपऱ्यातल्या कपाटाकडे नजर टाकली. तिथे माहितीपुस्तिकांचे गठ्ठे होते. पुढे बोलायची गरज नव्हती.

नकाशावाल्यानं कानांतली बोटं काढली. जरा हिरमुसलाच.

४

"खोटं का बोललीस पण?" ताईनं विचारलं. दोघी बहिणी दोन खोल्यांत राहत. ताई चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि घरी आल्यावरही समोरच्याच्या डोळ्यांत नंबर शोधत असल्यासारखी बघायची.

"मग काय सांगू? पेटीत कुणीतरी आहे म्हणून?"

"तसं आहे का?"

"नाही."

"मग झालं तर."

"पण मोजलं की आहे."

ताईनं हातातली ताटली ओट्यावर ठेवली. "चिऊ, भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगीच नाही. तुला आठवतं, त्या जुन्या घरात मागच्या दाराशी कुणी उभं आहे म्हणून तू रात्रभर रडलीस? सकाळी काय निघालं?"

"तुझा रेनकोट."

"माझा रेनकोट. खुंटीवर. हेही तसलंच काहीतरी निघेल."

"रेनकोट श्वास घेत नाही, ताई."

ताई हसायला गेली आणि मध्येच थांबली. मग तिनं धाकटीच्या कपाळावरचे केस मागे सारले, तापाचा अंदाज घ्यावा तसे. "उद्या आत जाऊच नकोस. सांग, अंगात ताप आहे."

"नाही गेले तर ते काम जाईल. गेले आणि आकडा चुकला तरी जाईल. इकडे आड, तिकडे विहीर."

"आणि बरोबर आला तर?"

आकडा बरोबर आला, म्हणजे आत एकच माणूस. म्हणजे आपण आत गेलो की ते जागा सोडून निघालेलं असेल. कुठं निघालेलं, हा विचार तिनं पुढे नेला नाही.

५

पेटीचं दार जाड होतं. कडेनं पितळी पात्यांची झालर, लावलं की ती चौकटीत घट्ट रुतायची. आतून आणि बाहेरून एकच लांब दांडा. खाली ओढला की उघडतं. कुलूप नाही, कडी नाही. तिनं ते आत शिरण्याआधी दोनदा उघडून, लावून पाहिलं.

"अगं, लग्न लावून देत नाहीये तुझं," काका म्हणाले. "दोन मिनिटं उभी राहा आणि ये बाहेर. समोरच्या भिंतीवर फोन आहे. उचललास की माझ्या टेबलावर वाजतो. मोबाइल ठेव इथेच, आत तो नुसता दगड."

"आणि आतला तो कॅमेरा?"

"चालतो की." कॅमेऱ्याचा छोटा पडदा काकांच्या टेबलावर होता, आणि त्यावर काकांची टोपी टांगलेली होती. बोर्डाचा श्वास घेणं बघत बसायला मी काय त्याची आई आहे का, असं ते म्हणत.

दार लागलं. आवाज झाला नाही, उलट होता तो आवाज गेला. भिंतींवर फोमचे काळे सुळके लावलेले होते, टोकं आत रोखलेली. त्यांनी सगळं पिऊन टाकलं. हॉलमधली यंत्रं, रस्ता, पंखा, काही उरलं नाही. स्वतःचं गिळणं तिला कानांत ऐकू आलं. छतावरचा एकच दिवा, मधोमध टेबल, टेबलावर बोर्ड, बोर्डाला ती रबरी पिशवी. फुग, बस. फुग, बस. बाकी खोली रिकामी. रिकामी आहे, तिनं चारी कोपरे मोजून पाहिलं. लपायला जागाच नव्हती. खुर्चीसुद्धा तिनंच काढवली होती.

ती टेबलाजवळ उभी राहिली. हात लांब केला तर बोर्डाला लागेल, एवढ्या अंतरावर.

बऱ्याच वेळानं फोन खणखणला आणि तिनं ओठ चावले, ओरडली नाही. उचलला.

"काय गं, आत नाचतेस का?" काका होते.

"नाही. का?"

"आकडा दुप्पट दाखवतोय. दोनशे."

तिनं मान वळवून बोर्डाकडे पाहिलं.

"हातबित लागला होता का बोर्डाला?"

"नाही, काका. मी... मी येते बाहेर."

"आता कुठं बाहेर? साहेबांनी नीट आकडा मागितलाय. लांब मोजणी लावतो, ती झाली की ये. मी तोवर चहा घेऊन येतो. पुतळ्यासारखी उभी राहा, हां?" आणि फोन बंद.

दोनशे. पट्ट्याचं बक्कल, तिला वाटलं. बुटांचा तळ. जमिनीचा पत्रा ओला असेल. एकाच माणसाचे दोनशे होऊ शकतात, बायकाबायकांत फरक असतो, पुस्तकातला आकडा हा सरासरीचा. ती कारणं मोजत राहिली आणि नजर रबरी पिशवीवर रोखून ठेवली, कारण दुसरीकडे बघायचं नव्हतं.

फुग, बस. फुग, बस.

फुग.

पिशवी फुगलेलीच राहिली. मग सावकाश, फार सावकाश, बसायला लागली. पूर्ण बसली. थांबली. पुन्हा वर यायला लागली, निवांत, मोठ्या माणसासारखी.

तिनं स्वतःचा श्वास रोखून धरला. पिशवीनं रोखला नाही.

६

दारापर्यंत ती धावली नाही. धावलं की मागे काहीतरी धावतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ती चालत गेली, सरळ, आणि दांडा धरला.

दांडा उबदार होता.

पेटीतलं सगळं थंडगार होतं, तांबं, पितळ, हवा. दांड्याच्या टोकाशी मात्र ऊब होती, बसमध्ये कुणीतरी नुकतीच सोडलेली दांडी धरावी तशी. तिनं तो खाली ओढला. थोडा गेला, आणि परत वर आला. अडकलेली वस्तू अशी परत येत नाही. अडकलेली वस्तू आडमुठी असते. हा दांडा तिच्या ओढण्याला ओढून उत्तर देत होता, तेवढ्याच जोरानं, न रागावता.

"काका, पुरे हं थट्टा," ती मोठ्यानं म्हणाली. फोमनं शब्द ओठांपाशीच टिपून घेतले. नकाशावाला असेल. दोघं मिळून बाहेरून धरून बसले असतील, आत्ता हसतील. तिनं दाराला कान लावला. बाहेर कुणी हसत नव्हतं. बाहेर असं काही उरलंच नव्हतं.

दोन्ही हातांनी ओढला. दांडा जागचा हलला नाही.

फोन समोरच्या भिंतीवर होता. तिथं जायचं म्हणजे टेबलाच्या बाजूनं जायचं आणि दाराकडे पाठ करायची. ती उभी राहिली. फोन करून सांगायचं काय? दार उघडत नाही म्हणून? ज्याला कुलूप नाही असं दार? उद्या सगळ्या ऑफिसात होईल, सायरन पुन्हा वाजली. साहेब काही बोलणार नाहीत, नुसते कपाटाकडे बघतील. ती निळी रेघ दुसऱ्या कुणाच्या तरी स्क्रीनवर जाईल. एवढी एकच जागा होती जिथं ती शहाणी ठरत होती.

पिशवी सावकाश बसली. सावकाश फुगली. तिच्या मानेवर, नेमकी केसांखाली, हवा हलली. या खोलीत हवा हलत नसे.

गेलं चुलीत ते काम.

ती टेबलाला वळसा घालून भिंतीशी पोचली, फोन ओढला, कानाला लावला. पलीकडे वाजायला लागलं. वाजत राहिलं. तार आखूड होती. तिला सुळक्यांकडे तोंड करून, भिंतीला चिकटून उभं राहावं लागत होतं. मागे सबंध खोली. तिनं ठेवला, पुन्हा उचलला. काका, या. काका, चहा सांडू दे, पण या. कुणीही या. नकाशावाल्या, ये आणि पोट धरून हस. साहेब, या आणि काढून टाका मला. वाजत होतं, वाजत होतं, रिकाम्या टेबलावर, शब्दकोड्याशेजारी.

आणि वाजणं तुटलं. पलीकडे कप ठेवल्याचा आवाज आला, खुर्ची करकरली.

"हां, बोल पोरी."

"काका!" तिला रडूच फुटलं. "काका, मला बाहेर काढा. दार उघडत नाहीये. दांडा फिरत नाही."

"फिरत नाही कसा? कालच तेल घातलंय. थांब, रडू नकोस, बघतो कॅमेऱ्यात..." टोपी उचलली असावी, कारण आवाज जरा लांब गेला आणि परत जवळ आला. मग काका हसले, नेहमीसारखे, मायेनं.

"अगं वेडे, मग त्या बाईंना सांग ना, दांडा सोडा म्हणून."